गावठी डुकराची जात जपायची तर: गोराईच्या वहीतून

माझ्या फ्रिजच्या दारावर एका डुकरिणीचा फोटो लावलेला आहे. पांढरट अंग, त्यावर काळे ठिपके आणि गळ्याखाली, शेळीला असतात तसे, दोन लोलक. ही लिथुआनिया या युरोपातल्या देशाची गावरान जात. फोटो भाच्याने पाठवला. तो तिथल्या कौनास शहरात डॉक्टरकी शिकतो. त्याचं विद्यापीठ २०१० मध्ये तिथलं वैद्यकीय विद्यापीठ आणि पशुवैद्यक अकादमी एकत्र करून झालं, म्हणून बायसोगाला नावाच्या गावातली जनावरांची संशोधन संस्थाही त्याच विद्यापीठाची. मावशी मुंबईतल्या गोराईत काळी डुकरं पाळते हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे गळ्यात लोलक असलेलं डुक्कर दिसल्यावर त्याने पहिला फोन मला केला.

गेल्या दोन-तीन वर्षांत मनोरी, उत्तन, वसईकडची बरीच माणसं मला विचारायला येतात: गावठी डुकरं ठेवायची आहेत, कशी सुरुवात करू? प्रत्येकाला तासभर तेच सांगते, म्हणून एकदा लिहून काढते आहे. लिथुआनियाची डुकरं मुंबईत आणा असं मी म्हणत नाही. त्यांची जात त्यांच्या थंडीत, त्यांच्या मातीत जगावी. त्यांनी ती मरता मरता कशी धरून ठेवली, तेवढं मात्र आपण उचलावं.

तिथे असं झालं. घरोघरी ठिपक्यांची, काळी, तांबूस डुकरं होती. मिळेल ते खाऊन वाढणारी, अंगावर जाड चरबी धरणारी. मग बाहेरून लार्ज व्हाइटसारखे मोठे पांढरे नर आले. त्यांच्या संकरातून लिथुआनियन व्हाइट ही जात तयार झाली, १९६७ मध्ये तिला जात म्हणून मान्यता मिळाली आणि मोठमोठ्या फार्मांवर सगळीकडे तीच झाली. गावरान डुक्कर मागे पडत पडत संपल्यातच जमा झालं. १९९० मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि त्यानंतरच्या वर्षांत उरलीसुरली जनावरं खेड्यांतून शोधून गोळा केली गेली. आज जी आहेत ती त्या मूठभर जनावरांचीच लेकरं.

आमच्याकडे मोठा फार्म लागला नाही. एक नर पुरला. १९८४ साली माझ्या वडिलांनी एक पांढरा नर आणला. त्याची पिल्लं सहा महिन्यांत गावठीच्या दुप्पट व्हायची. आळीतल्या सगळ्यांनी आपापल्या डुकरिणी त्याच्याकडे आणल्या आणि वडिलांनी कुणाला नाही म्हटलं नाही. सात-आठ वर्षांत आमच्या आळीत निव्वळ काळं डुक्कर उरलं नाही. ते गेलं हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मांडवाच्या दिवशी सोर्पोतेलचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट रश्शाचा, टोप चढला आणि आजी बराच वेळ त्यात डाव फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘याला पाणीच सुटतंय गो. चरबी खय गेली?’ बाटली मसाला तोच, व्हिनेगर तोच, हातही तोच. डुक्कर बदललं होतं.

मी ३१ वर्षं प्रसूतिगृहात नर्स होते. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या वाडीत परत डुकरं ठेवायची ठरवली, तेव्हा काळी डुकरं शोधायला मला सात महिने लागले. मनोरीहून दोन माद्या आणि एक नर, उत्तनहून दोन माद्या, वसईच्या एका वाडीतून एक मादी आणि एक नर. पाच माद्या, दोन नर. आज माझ्याकडे नऊ माद्या आणि तीन नर आहेत.

तर पहिली गोष्ट वही. जनावर आणायच्या आधी वही आणा. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. मोबाइलवर लिहायचं तर लिहा, पण वहीतही लिहा. मोबाइल पाण्यात पडतो, पोरं बदलतात. प्रत्येक जनावराला एक पान: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, जन्मतारीख, आई कोण, बाप कोण, कुठून आलं, रंग आणि खुणा, स्तन किती, किती वेळा व्याली, दर वेळी किती जिवंत, किती मेलेली, दूध तोडलं तेव्हा किती उरली. वाकड्या पायाचं किंवा बेंबीच्या हर्नियाचं पिल्लू झालं तर ते ठळक लिहायचं, लपवायचं नाही. लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नसे, एका रेघेने खोडून बाजूला सही करायची. तीच सवय इथे ठेवा. बाप माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा. अंदाजाने लिहिलेला बाप पुढच्या दहा वर्षांचा हिशेब बिघडवतो.

दुसरी गोष्ट नरांची संख्या. इथे बहुतेक जण चुकतात, कारण नर खाऊन बसतो असं वाटतं. वीस माद्यांना एक नर पुरतो, मग चार कशाला पाळायचे? तर त्याचं गणित असं. नर गुणिले माद्या, त्याला ४ ने गुणायचं, आणि नर अधिक माद्या या बेरजेने भागायचं. जो आकडा येतो, तेवढंच तुमच्या कळपाचं खरं बळ. १ नर आणि २० माद्या: ८० भागिले २१, म्हणजे चारसुद्धा नाही. दिसतात २१ जनावरं, पण रक्ताच्या हिशेबाने चारच. त्या आकड्याची दुप्पट करून १ ला भागलं की दर पिढीला नात्यातल्या पैदाशीचं प्रमाण किती वाढतं ते कळतं. इथे ते १३ टक्के होतं. म्हणजे दोन-तीन पिढ्यांतच पिल्लं कमी, मरतुकडी, माद्या गाभण न राहणाऱ्या. त्याच २० माद्यांना ५ नर ठेवले तर आकडा १६ होतो आणि वाढ ३ टक्क्यांवर येते. जाणकार आकडा ५० च्या वर ठेवायला सांगतात, तेव्हा वाढ १ टक्क्याच्या आत राहते.

माझ्या ९ माद्या आणि ३ नरांचा आकडा येतो ९. पिढीला साडेपाच टक्के. एकट्या घराने जात राखता येत नाही, हे मला त्या संध्याकाळी कॅल्क्युलेटर घेऊन बसल्यावर कळलं. माझ्यासारखी चार घरं एकत्र आली तर १२ नर, ३६ माद्या, आकडा ३६, वाढ दीड टक्क्याच्याही खाली. म्हणून मला विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगते की शेजारी शोध. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या मोजमापात डुकराच्या जातीच्या पैदाशीच्या माद्या १०० च्या आत किंवा नर ५ च्या आत आले की जात अतिधोक्यात धरतात. बघा, नरांचा आकडा वेगळा मोजलेला आहे.

नर फिरवायचे कसे? आमच्यात आता चार घरं आहेत. मुली आईच्या घरातच राहतात. मुलगे दुसऱ्या घरी जातात, आणि नेहमी एकाच दिशेने: माझा नर मनोरीला, मनोरीचा उत्तनला, उत्तनचा वसईला, वसईचा माझ्याकडे. लग्नात मुलगी सासरी जाते, इथे मुलगा जातो, एवढाच फरक. आमच्या गावच्या बायांना हे एका वाक्यात समजलं. आणि जुना नर काढताना त्याच्या जागी त्याचाच एक मुलगा साखळीत राहील, प्रत्येक डुकरिणीच्या जागी तिचीच एक मुलगी राहील, असं बघायचं. एखादी डुकरीण फार गुणी, म्हणून तिच्या चार मुली ठेवल्या आणि दुसरीची एकही नाही, तर दुसरीचं रक्त तिथेच संपलं. प्रत्येकीचा वाटा सारखा ठेवला तर तो आकडा जवळजवळ दुप्पट होतो. मोह होतो, मला माहीत आहे. माझ्या ‘उत्तन २’ या डुकरिणीची पिल्लं दर वेळी देखणी होतात. तरी तिची एकच मुलगी ठेवली.

बैलाचं वीर्य गोठवून वर्षानुवर्षं ठेवतात, मग नर कशाला पाळायचे, असं एका शिकलेल्या मुलाने विचारलं होतं. डुकराचं वीर्य गोठवणं तितकं सहन करत नाही. ते ताजंच, १७ अंशांच्या आसपास ठेवून थोड्या दिवसांत वापरतात. तेव्हा जिवंत नर हवाच.

निवड करताना मी वजनाकडे शेवटी बघते. आधी पाय. सरळ, मजबूत, खूर सारखे. मग स्तन: दोन्ही बाजूंनी सारखे, किमान दहा, एकही आत दबलेला नको. मग स्वभाव. माणसावर धावून येणारा नर कितीही तगडा असला तरी ठेवू नका. रंगाचा हट्ट धरू नका. काळ्यात एखादं पायाशी पांढरं, कपाळावर टिकली असलेलं निघतंच. लिथुआनियाच्या त्या एका जातीतसुद्धा रंग अनेक आहेत. ‘शुद्ध काळं’ पाहिजे म्हणून अर्धी पिल्लं बाद केलीत तर मूठभरातली अर्धी मूठ तुम्हीच फेकलीत.

आता जागा. मुंबईच्या हद्दीत डुक्कर पाळायला महापालिका आयुक्तांची लेखी परवानगी लागते. ती आधी घ्या, मग विटा आणा. शेजाऱ्यांशीही आधी बोला. वास आणि माशा हीच भांडणाची कारणं, आणि दोन्ही तुमच्या हातात असतात.

डुकरांच्या वाड्याचं जोतं किती उंच घ्यायचं हे मी २६ जुलै २००५ च्या पाण्यावरून ठरवलं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या वाडीतल्या विहिरीच्या कठड्यावर त्या पाण्याची खूण आहे, तिच्या वर एक वीत जोतं. तुमच्याकडेही अशी खूण कुणाच्या तरी भिंतीवर असेल, म्हाताऱ्या माणसांना विचारा. फरशी काँक्रीटची, पण झाडूने खरवडून खरखरीत केलेली, कारण गुळगुळीत फरशीवर गाभण डुकरीण घसरते. उतार गटाराकडे, गटार खड्ड्याकडे. छपराला पत्रा घातलात तर मे महिन्यात आत भट्टी होते. मी कौलं घातली आणि पश्चिमेला झावळ्यांचा ताटवा बांधला. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. अंग थंड करायला त्याला चिखल किंवा पाणी लागतंच. लोळायला एक उथळ टाकी करा आणि पाणी रोज बदला. डुक्कर घाणेरडं म्हणून चिखलात लोळत नाही. जागा दिली तर ते झोपायच्या ठिकाणी घाण करत नाही, एक कोपरा धरतं. माझ्या नऊच्या नऊ जणी धरतात.

मोकळं मात्र सोडायचं नाही. गावठी डुक्कर म्हणजे गावभर फिरणारं, हे चित्र आता पुसलं पाहिजे. माणसाची विष्ठा खाल्ली की पट्टकृमीची अंडी डुकरात जातात, मांसात गाठी होतात. आणि तीच अंडी घाणेरड्या हातातून, पाण्यातून माणसाच्या पोटात गेली तर गाठी मेंदूतही होतात. फिट येणारी तरणी मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत. आमच्या डुकरांचं नाव त्यात नको. पावसाळ्यात वाड्यात उतरताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर उतरूच नका. लेप्टो, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप, काय असतो हे मुंबईकराला सांगायला नको.

खाण्याचं थोडक्यात. भाताचा कोंडा, मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, थोडं मिनरल मिक्स्चर, आणि वर हिरवं: रताळ्याचे वेल, केळीचा बुंधा चिरून, बोरिवली मार्केटमधून फेरी बोटीने येणारा भाजीचा पाला. अळू द्यायचं तर उकडून, नाहीतर घसा खाजतो. पेंड पावसाळ्यात थोडीथोडीच आणा. बुरशीची पेंड खाऊन गाभण डुकरिणी गाभडतात. सुकी मासळी आपल्याकडे स्वस्त मिळते, प्रथिनांना चांगली, पण खारवलेली असेल तर रात्रभर भिजवून दोन पाण्यांतून धुऊन मगच. मीठ जास्त आणि पाणी कमी झालं तर डुक्कर आंधळ्यासारखं भिंतीला डोकं लावून उभं राहतं, झटके येऊन मरतं. पाणी दिवसरात्र समोर हवं. दूध पाजणारी डुकरीण दिवसाला वीस लिटरपर्यंत पिते.

हॉटेलचं उष्टं? मी देत नाही. ज्यांना द्यावंच लागतं त्यांनी अर्धा तास खळखळ उकळून द्यावं आणि त्यात डुकराचं मांस कधीही नसावं. कारण आफ्रिकन स्वाइन फिव्हर. लिथुआनियात तो जानेवारी २०१४ मध्ये रानडुकरांत सापडला आणि त्याच वर्षी पाळीव डुकरांत पोचला. भारतात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये आला. माणसाला होत नाही, पण डुकराला झाला तर बहुधा कळपच जातो, आणि औषध नाही. विषाणू खारवलेल्या, धुरावलेल्या मांसातही महिनोन्महिने टिकतो. भाचा मागच्या नाताळच्या सुट्टीत यायचा होता. तिकडे स्किलांडिस म्हणून एक प्रकार करतात, डुकराच्या पोटाच्या पिशवीत मांस भरून धुराला लावतात. मावशीला आवडेल म्हणून तो आणणार होता. मी फोनवर स्पष्ट सांगितलं, तुकडाही आणू नकोस, आणि तिकडे वाड्यात गेला होतास ते बूट तिकडेच ठेवून ये. त्याला थोडं वाईट वाटलं. काळा पाव घेऊन आला, राय नावाच्या धान्याचा, आणि आम्ही तो इंदयालबरोबर, म्हणजे आमच्या व्हिनेगरातल्या तिखट डुकराच्या मांसाबरोबर, खाल्ला.

त्यानेच सांगितलं की लिथुआनियात नाताळच्या आदल्या रात्री बारा पदार्थ करतात आणि त्यात मांस नसतं. टेबलक्लॉथखाली सुकं गवत घालतात. त्या रात्री बारा वाजता जनावरं बोलतात असं त्यांचे जुने लोक मानत. मला ते फार आवडलं. आमच्या घरीही नाताळच्या रात्री मिसाहून आल्यावर आधी वाड्यात दिवा दाखवून येतात.

आता बाळंतपण. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

मादी २१ दिवसांनी माजावर येते. योनीचा भाग लाल, सुजलेला होतो, ती इतरांवर चढते. पाठीवर दोन्ही हातांनी दाबलं आणि ती कान ताठ करून खांबासारखी उभी राहिली, तर नर दाखवायची वेळ आली. गावठी मादी लवकर वयात येते, पण आठ महिन्यांच्या आत फळवू नका. नर पिल्लं त्याहून लवकर तयार होतात, म्हणून भाऊ-बहिणी तिसऱ्या महिन्यातच वेगळ्या करा. माझ्या वहीतली एक नको असलेली नोंद याच आळसाची आहे.

गाभणपण तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस: ११४ दिवस. फळवल्याची तारीख वहीत असेल तर बाळंतपणाची तारीख कॅलेंडरवर आजच लाल करता येते. आठवडाभर आधी तिला धुऊन, जंताचं औषध आधीच देऊन, वेगळ्या खोलीत न्या. त्या खोलीत भिंतीपासून वीतभर आत आणि जमिनीपासून वीतभर वर एक पाइप फिरवा. डुकरीण भिंतीला टेकून धपकन बसते, तेव्हा पिल्लांना त्या पाइपाखाली सरकायला जागा राहते. पिल्लं चिरडून मरतात ती बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत.

वेळ जवळ आली की ती पेंढा तोंडाने ओढून घरटं करते. पेंढा द्या, भरपूर द्या. न दिल्यास फरशी उकरत बसते, बेचैन होते. स्तन दाबून दुधाचा थेंब आला की साधारण चोवीस तासांत. मी त्या रात्री स्टूल घेऊन बसते. दिवा मंद. आवाज नाही. ती कुशीवर पडते, शेपूट हलते, आणि पिल्लू येतं. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरं. नाकातोंडावरचा पडदा कापडाने पुसायचा, नाळ आयोडीनमध्ये बुडवायची, आणि लगेच स्तनाला. पिल्लू आईच्या पोटात असताना तिची रोगप्रतिकारक शक्ती त्याच्यात उतरत नाही. ती सगळी चिकातून, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून, मिळते, आणि ती आतड्यातून आत जायची वाट पहिल्या दिवसभरात बंद होते. म्हणून माझ्या वहीत ‘चीक प्यालं’ असा वेगळा रकाना आहे. सगळ्यांत अशक्त पिल्लाला पुढच्या स्तनावर लावा, तिथे दूध जास्त असतं. दोन-तीन दिवसांत प्रत्येकाचा स्तन ठरतो आणि मग ते दुसऱ्याच्या जागी जात नाही. कोपऱ्यात बल्ब लावून ३२ ते ३५ अंश ऊब ठेवा. मुंबईतसुद्धा, जानेवारीच्या पहाटे आणि पावसाच्या ओल्या रात्री पिल्लू गारठतं. एका पिल्लानंतर तासभर काही आलं नाही आणि ती कळा देत असेल, तर डॉक्टरला फोन करा, स्वतः हात घालू नका.

नवीन काँक्रीटच्या वाड्यात माझी पहिली वीण झाली तेव्हा सहा पिल्लं होती. सगळी छान पीत होती. दहाव्या दिवसानंतर ती पांढरी पडू लागली. कान उजेडात धरले तर मेणासारखे. थोडं पळाली की धाप. तीन आठवड्यांत चार गेली, त्यातली एक माझ्या मांडीवर. मग कळलं: पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात लोह फार थोडं असतं, त्याला रोज सुमारे ७ मिलिग्रॅम लागतं आणि आईच्या दुधातून जेमतेम १ मिळतं. आजीच्या काळी पिल्लं तांबड्या मातीत तोंड खुपसून फिरायची, लोह मातीतून मिळायचं. मी माती बंद केली आणि तिच्या बदल्यात काही दिलं नाही. आयुष्यभर बायकांच्या हातात लोहाच्या गोळ्या ठेवल्या, आणि इथे सुचलं नाही. ती चार नावं वहीत आहेत. तेव्हापासून तिसऱ्या दिवशी प्रत्येक पिल्लाला मानेत २०० मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन. तुम्हीही चुकवू नका. शिवाय एका टोपलीत स्वच्छ, डुकरांचा वावर नसलेल्या जागेची माती ठेवते. ती उकरताना त्यांना बघावं.

दूध दीड-दोन महिन्यांनी तोडा. आई दूर न्या, पिल्लं त्याच जागी ठेवा, म्हणजे एकाच दिवशी त्यांचं सगळंच बदलत नाही. क्लासिकल स्वाइन फिव्हर (आफ्रिकन नव्हे, हा वेगळा आजार) आणि लाळ-खुरकतीच्या लसी डॉक्टरला विचारून वेळापत्रकात बसवा. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. मुंबईकराला सल्ल्यासाठी याहून जवळ काय हवं. पैदाशीला न ठेवायचे नर पहिल्या दोन आठवड्यांत डॉक्टरकडून खच्ची करून घ्या, नाहीतर मांसाला वास येतो.

बाकीची पिल्लं विकायची, खायची. हे ऐकून काही जण नाराज होतात, पण जी जात कुणाच्या ताटात नाही तिला दाणा घालायला माणूस किती दिवस टिकेल? लिथुआनियाच्या गावरान डुकराची चरबी त्यांच्या धुरावलेल्या पदार्थांना लागते, आपल्या काळ्या डुकराची कातडीसकट चरबी सोर्पोतेलला लागते. लग्नघरांना मी आधीच सांगून ठेवते, वजन कमी भरेल, वाढायला दहा-बारा महिने लागतील, भाव जास्त असेल. तरी मांडवासाठी सहा-सहा महिने आधी मागणी येते. कापणं मात्र परवान्याच्या कत्तलखान्यातच, घरामागे नाही.

आणि नोंदणी. कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे, तिथे देशी जातींची नोंद होते. बंगालचं घुंगरू, मेघालयचं नियांग मेघा, गोव्याचं आगोंद, ही डुकरं तिथे नोंदलेली आहेत. नोंदीसाठी जनावर कुठल्या भागात आहे, किती आहे, मापं काय, पिल्लं किती, पाळणारे कोण, हे सगळं दाखवावं लागतं. आमच्या चार वह्या त्यासाठीच भरत आहेत. उंची खांद्यापाशी, लांबी कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत, छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागे. शिंप्याची टेप चालते. सकाळी, खायला द्यायच्या आधी मोजा, आणि दर वेळी एकाच माणसाने मोजा.

पावसाळा संपला की वसईचा नर माझ्याकडे येणार आहे, वय चौदा महिने, बिल्ला ‘व ७’. टेम्पो आदल्या दिवशी धुऊन, जंतुनाशक मारून, उन्हात वाळवून घ्यायचा. नर पहाटे आणायचा, ऊन चढायच्या आत. आल्यावर तो वाडीच्या टोकाच्या खोलीत एकवीस दिवस एकटा. त्याची बादली वेगळी, झाडू वेगळा, गमबूट वेगळे, आणि त्याला खायला घालायचं ते बाकी सगळ्यांचं झाल्यावर. रोज सकाळी ताप बघायचा, ३९ च्या आसपास हवा. बाविसाव्या दिवशी त्याचं पान माझ्या वहीत उघडेल, आणि ‘उत्तन २’ ची मुलगी तोवर आठ महिन्यांची झालेली असेल.